आमदाराचं चरित्र लिहायचं असेल तर आधी त्याचे प्रश्न वाचा

"बाई, अण्णांच्या वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचंय. दोन महिन्यांत होईल ना?" असा फोन आला, तेव्हा मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. वर्षभर द्या म्हणाले. प्रत्यक्षात चौदा महिने लागले. गोव्यात गावागावांत अशी पुस्तकं निघतात, गौरवग्रंथ निघतात, अमृतमहोत्सवाच्या स्मरणिका निघतात, आणि ते लिहायचं काम बहुतेक वेळा गावातल्या निवृत्त मास्तराच्या नाहीतर बाईच्या गळ्यात पडतं. ज्यांच्या गळ्यात ते पडलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डिचोली तालुक्यात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. अण्णा आमच्या भागाचे माजी आमदार. त्यांचं खरं नाव इथे लागणार नाही, गावात सगळे अण्णाच म्हणत.

आधी माझी चूक सांगते. अण्णा पंचाहत्तर वर्षांचे झाले तेव्हा स्मरणिकेतला मुख्य लेख मीच लिहिला होता. त्यात "अण्णांनी वरच्या वाड्यावर नळ आणला" असं वाक्य होतं. कार्यकर्त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. स्मरणिका निघाली आणि आठ दिवसांनी वाड्यावरची एक म्हातारी देवळाच्या पायरीवर मला म्हणाली, "अण्णान नळ हाडूंक ना, बाये. अण्णान फकत उदक सोडलें." म्हणजे अण्णांनी नळ आणला नाही, फक्त पाणी सोडलं. मला आधी वाटलं, हे तर एकच झालं. घरी गेल्यावर विचार करत बसले तेव्हा कळलं की एक नाही. नळ कुणी मागितला, मंजूर कुणी केला, पाईप कुणाच्या काळात पडला आणि पाणी कुणी सोडलं, ही चार वेगळी कामं आहेत, आणि आमदाराची कारकीर्द म्हणजे यातलं नेमकं कुठलं काम त्याचं, हे शोधणं. नंतरचं सगळं मी या म्हातारीच्या वाक्यावरून शिकले.

आधी तारखांचा सांगाडा

लेखणी उचलण्याआधी एका मोठ्या कागदावर तारखा मांडा. कुठल्या विधानसभेत, कुठल्या मतदारसंघातून, कुठल्या चिन्हावर, किती मतांनी. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत हे सगळं मिळतं. घरच्यांच्या आठवणीवर हा भाग कधीच सोडू नका.

"पाच वेळा निवडून आले" म्हणजे पंचवीस वर्षं, असा हिशेब गोव्यात चालत नाही. १९७७ ला निवडून आलेल्यांना पाच वर्षं मिळालीच नाहीत, कारण १९७९ ला शशिकलाताई काकोडकरांचं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली आणि जानेवारी १९८० ला पुन्हा मतदान झालं. १९९९ च्या विधानसभेचंही तेच झालं, २००२ ला परत निवडणूक. मंत्री म्हणजे आमदार असणारच, हेही गृहीत धरू नका. भाऊसाहेब बांदोडकरांनी २० डिसेंबर १९६३ ला पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली तेव्हा ते आमदार नव्हते, मागाहून पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

मतदारसंघाच्या नावाकडेही नीट बघा. १९६३ ला सभागृहात ३० जागा होत्या, त्यातली एक दमणची आणि एक दीवची. ३० मे १९८७ ला घटक राज्य झालं आणि १९८९ च्या निवडणुकीत ४० मतदारसंघ आले. सीमा बदलल्या, नावं बदलली. प्रतापसिंह राणे १९७२ ला सत्तरी मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आले, पुढे त्यांचा मतदारसंघ पर्ये झाला, आणि २०२२ पर्यंत सलग पन्नास वर्षं ते आमदार राहिले. मुलूख तोच, कागदावरचं नाव वेगळं. तुमच्या आमदाराच्या बाबतीत कुठले गाव आत आले आणि कुठले बाहेर गेले हे कळलं नाही, तर एखाद्या पराभवाचं कारणच हाती लागणार नाही. अण्णा एकदा पडले, ते मुख्यतः दोन गाव बाहेर गेल्यामुळे पडले. गावात मात्र आजही "भाच्याने दगा दिला" असंच सांगतात.

मताधिक्य लिहिताना आपल्याकडचं माप ध्यानात ठेवा. आपला मतदारसंघ साधारण पंचवीस-तीस हजार मतदारांचा. २०२२ ला सांताआंद्रेत निकाल ७६ मतांनी लागला, साखळीत ६६६ मतांनी, पणजीत ७१६ मतांनी. ७६ मतं म्हणजे एका वाड्यावरची दहा-पंधरा घरं. गोव्यातला आमदार लग्नाला, बाराव्याला, जत्रेला का धावतो ते या आकड्यात आहे, आणि त्याला "लोकांत मिसळण्याची आवड" एवढंच कारण देऊन लेखकाने मोकळं होऊ नये.

सभागृहातला माणूस

हा भाग सगळ्यात कष्टाचा, आणि गौरवग्रंथांत हाच भाग नसतो. असतात ते मंत्र्यांबरोबरचे फोटो.

विधानसभेच्या कामकाजाचा शब्दशः वृत्तान्त ठेवला जातो. अलीकडच्या वर्षांचे प्रश्न आणि उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर सापडतात. जुन्यासाठी मी विधिमंडळ सचिवालयाला पत्र लिहून परवानगी मागितली आणि पर्वरीला जाऊन बसले. विधानसभा २००० साली पर्वरीच्या संकुलात गेली, त्याआधी ती पणजीत मांडवीकाठी आदिलशहाच्या राजवाड्यात भरायची. अण्णांची पहिली भाषणं तिथली. पहिल्या दिवशी सगळं वाचायला गेलात तर दमून जाल. आधी नावाच्या आधाराने फक्त प्रश्न काढा.

प्रश्नांचे प्रकार समजून घ्या, कारण प्रत्येक प्रकार माणसाबद्दल वेगळं काही सांगतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तो आकडे गोळा करण्यासाठी असतो, आणि मेहनती आमदाराचे हे प्रश्न ढिगाने सापडतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री उभा राहून देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. आमदाराचा अभ्यास इथे दिसतो. छापील प्रश्न कुणीही लिहून देऊ शकतं, तिसरा पुरवणी प्रश्न मात्र ज्याने गावात पाय झिजवलेत त्यालाच सुचतो. शून्य प्रहर आणि लक्षवेधी सूचना यांत त्या आठवड्यात मतदारसंघात काय पेटलं होतं ते कळतं. शुक्रवारचे खासगी ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेले, बहुधा मंजूर होत नाहीत, सरकार विनंती करतं आणि सदस्य ठराव मागे घेतो. तरी ते वाचा. आमदाराला मनातून काय हवं होतं ते तिथे असतं. अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या आणि त्या रकमा कमी करा सांगणाऱ्या कपात सूचना मी आधी रुक्ष म्हणून सोडल्या होत्या. तसं करू नका. कुठल्या खात्याच्या मागणीवर तो बोलायला उभा राहतो आणि कुठल्या खात्याच्या वेळी गप्प बसतो, हे चार-पाच वर्षांचं एकत्र मांडलं की त्याचा पिंड कळतो. अण्णा पाणी, वीज आणि कूळ-मुंडकारांचे खटले यांवर बोलत. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. पर्यटनावर त्यांचं एकही भाषण मला सापडलं नाही.

इथे नळाची गोष्ट पुरी करते.

आदल्या आमदारांच्या काळात पंचायतीने वरच्या वाड्यासाठी पाणी मागितलं होतं. तो ठराव पंचायतीच्या जुन्या पुस्तकात मला मिळाला. कडेला वाळवीने खाल्लेलं पान, शाई तपकिरी झालेली, खाली तीन सह्या आणि दोन अंगठे. पाईप त्यांच्याच काळात पडला, पण टाकीवर पंप बसून त्याला विजेची जोडणी काही मिळाली नाही. चार वर्षं पाईप कोरडाच. मुलं त्यावर बसून झोके घेत, असं त्या म्हातारीने सांगितलं. मग अण्णा निवडून आले. त्यांचा तारांकित प्रश्न मी वृत्तान्तात वाचला तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. प्रश्न साधा होता, पाईप पडून चार वर्षं झाली, पाणी कधी? उत्तर नेहमीचं, काम प्रगतिपथावर आहे. पहिला पुरवणी, काय राहिलंय? विजेची जोडणी. दुसरा, जोडणीचा अर्ज कुठल्या तारखेचा? माहिती घेऊन सांगतो. तिसरा, तो अर्ज आज कुठल्या कचेरीत, कुणाच्या टेबलावर आहे? यावर मंत्र्यांनी आश्वासन दिलं. पुढच्या अधिवेशनात अण्णांनी त्या आश्वासनाचं काय झालं हे विचारलं, त्याच्या पुढच्यातही विचारलं. दीड वर्षाने पाणी आलं.

"अण्णांनी नळ आणला" या वाक्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. एका कोरड्या पाईपापाठी तीन अधिवेशनं उभं राहणारा माणूस त्यात दिसतो, आणि आदल्या आमदारांचं श्रेयही जागच्या जागी राहतं.

तेव्हा "सरकार विचार करील", "तपासून पाहू" असं जिथे उत्तर असेल तिथे थांबू नका. सरकारी आश्वासनांवर विधानसभेची वेगळी समिती असते. तिचे अहवाल मागा. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती, याचिका समिती यांवर तुमचा आमदार होता का तेही बघा. समितीचं काम वर्तमानपत्रात येत नाही आणि घरच्यांना ठाऊक नसतं.

एक सावधगिरी. आमदार मंत्री झाला की प्रश्न विचारायचं थांबतो, कारण आता उत्तरं त्याने द्यायची असतात. सभापती झाला तर चर्चेत भाग घेत नाही, मतं समसमान पडली तरच मत देतो. या वर्षांत त्याचे प्रश्न नाहीत म्हणून "निष्क्रिय" लिहाल तर ते खोटं ठरेल. मंत्र्याची उत्तरं वाचा, सभापतीचे निर्णय वाचा.

आणि भाषा. आपल्या सभागृहात मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही चालत आलेल्या आहेत. अण्णा लेखी भाषण मराठीत करत आणि चिडले की कोंकणीत जात. त्यांची कोंकणी वाक्यं मी कोंकणीतच ठेवली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, त्याच्या आधीची दोन वर्षं कोंकणी की मराठी या वादामुळे इथल्या प्रत्येक आमदाराच्या कसोटीची होती. त्या काळात तो काय बोलला ते शब्द न बदलता द्या. आपल्या बाजूचा होता म्हणून त्याचं मराठी आणखी झणझणीत करू नका, आणि नव्हता म्हणून गाळूही नका.

आठवणींचं कॅलेंडर

गावातली माणसं साल सांगत नाहीत. "भाऊसाहेब गेले त्या पावसात" म्हणजे ऑगस्ट १९७३. "ओपिनियन पोलाच्या वेळी", म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावर मतदान झालं तेव्हा, १६ जानेवारी १९६७ च्या आसपास. "खाण पहिल्यांदा बंद पडली तेव्हा" म्हणजे २०१२, "परत बंद पडली तेव्हा" म्हणजे २०१८. "कुळाचा कायदा आला" म्हटलं की नीट विचारा, १९६४ चा मूळ कायदा की १९७६ ची पाचवी दुरुस्ती, जिने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. मुंडकारांचा कायदा १९७५ चा. ही यादी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती आणि बोलणं चालू असतानाच समासात साल टाकत होते.

मग वर्तमानपत्रं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे जुने बांधीव अंक बघायला मिळतात. "गोमन्तक" १९६२ पासूनचा. निकालाच्या दुसऱ्या दिवसाचा अंक, शपथविधीचा अंक आणि प्रत्येक अधिवेशनाचे दिवस बघा. वाचकांची पत्रं सोडू नका. आमदाराविरुद्धची तक्रार बातमीत येण्याआधी पत्रांत येते.

कोनशिलाही वाचा. रस्ता, शाळा, स्मशानाची शेड, सगळीकडे संगमरवरी पाटी असते. तिच्यावर "पायाभरणी" आहे की "उद्घाटन", तारीख कुठली, हे टिपून फोटो घ्या. आमच्या शाळेच्या एका इमारतीवर दोन पाट्या आहेत, दोन वेगळ्या आमदारांच्या, मध्ये सहा वर्षांचं अंतर.

घरात शिरताना

मुलाखती घेताना मोठ्या माणसांपासून सुरुवात करू नका. ती सगळी एकसारखंच बोलतात. ड्रायव्हर, स्वीय सहायक, मतदान केंद्रावर बसणारे कार्यकर्ते, पंच, विरोधात लढलेला उमेदवार, आणि ज्याचं काम झालं नाही असा निदान एक माणूस, यांच्याकडे जा. या शेवटच्या माणसाने मला तासभर दारात उभं केलं. त्याच्या मुलाला नोकरी मिळाली नव्हती, अण्णांनी दिलेली चिठ्ठी त्याने अजून कपाटात ठेवली होती. आमदाराकडे सकाळी येणाऱ्यांत नोकरी मागणारे किती असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना द्यायला त्याच्याकडे काय असतं, हे त्या चिठ्ठीमुळे मी पुस्तकात लिहू शकले.

बायकोशी बोलताना स्वयंपाकघरात बसा. अण्णांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, दिवाणखान्यात फक्त "ते फार साधे होते" एवढंच सांगत. स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी फळीवरून वाण्याच्या वह्या काढल्या. साखर आणि चहापत्ती. आमदार नव्हते तेव्हा महिन्याला तीन किलो साखर. निवडून आल्यावर अठरा किलो. पडले त्या महिन्यात पाच, आणि त्यानंतरच्या महिन्यात परत तीन. वहिनी पहाटे साडेचारला उठून सहा शेराचा टोप चुलीवर चढवत, कारण सहाला अंगणातल्या बाकावर माणसं येऊन बसलेली असत. "पडले त्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने तोच टोप चढवला," त्या म्हणाल्या, "आणि दहा वाजेपर्यंत कुणी आलंच नाही." या वह्यांचे फोटो मी पुस्तकात घेतले. घरात असं काही असतंच. डायऱ्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, औषधांच्या पावत्या. मागायला संकोचू नका, पण विचारल्याशिवाय एक कागदही घरी नेऊ नका.

मालमत्तेचं पान टाळू नका. २००३ पासूनच्या निवडणुकांत उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. ज्यांची कारकीर्द त्या काळातली आहे त्यांची लागोपाठची शपथपत्रं शेजारी ठेवा आणि आकडे जसे आहेत तसे द्या.

पक्षांतराचं प्रकरण

गोव्यातल्या आमदाराचं चरित्र लिहिताय तर हे प्रकरण बहुतेक येणारच, आणि घरच्यांचा सगळ्यात जास्त आग्रह हेच गाळण्याचा असतो. माझा सल्ला असा की विशेषणं पूर्ण बाजूला ठेवा आणि चार गोष्टी लिहा. तारीख, बरोबर किती जण होते, त्या दिवशी तो स्वतः काय बोलला, आणि त्यानंतर गावात काय झालं. त्या वेळी कायदा काय होता तेही सांगावं लागतं. १९८५ च्या आधी पक्षांतरबंदीच नव्हती. त्यानंतर एक तृतीयांश आमदार फुटले तर चालत असे, २००३ च्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. म्हणून जुलै २०१९ ला काँग्रेसचे पंधरापैकी दहा गेले आणि सप्टेंबर २०२२ ला अकरापैकी आठ. हे आकडे कायद्याच्या मापाने आलेत, हे वाचकाला कळलं पाहिजे. मतदाराने एका चिन्हावर मत दिलेलं असतं, त्याला हा हिशेब मागायचा हक्क आहे, असं मी मनापासून मानते, आणि म्हणून या प्रकरणावर मी अडून राहिले.

अण्णांच्या पुतण्याने हस्तलिखित वाचून फोन केला. "बाई, ती सहा पानं काढूया. वर्षश्राद्धाला बरं नाही दिसत." मी म्हटलं, पानं काढा, मग माझं नावही काढा. दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं, पुतण्या समोर बसला होता. त्या म्हणाल्या, "राहू दे ते. त्या रात्री ते जेवले नव्हते, तेही लिहा." मी लिहिलं.

छापायच्या आधी आणि नंतर

मसुद्याच्या पाच प्रती काढून पाच जणांना द्या, त्यांतला एक विरोधी पक्षाचा हवाच. प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलने त्याचा आधार लिहून ठेवा, वृत्तान्त, पंचायत, वर्तमानपत्र की तोंडी. जिथे फक्त "तोंडी" असेल तिथे वाक्यात कोण म्हणालं ते सांगा. फोटोंखाली सगळ्यांची नावं द्या, फक्त पुढाऱ्यांची नको.

पुस्तक आलं की एक प्रत कृष्णदास शामा ग्रंथालयात, एक विधिमंडळाच्या ग्रंथालयात आणि एक गावच्या शाळेत द्या. पंचायतीत ठेवलेल्या प्रतीत मी प्रत्येक प्रकरणानंतर दोन कोरी पानं बांधून घेतली होती आणि दोरीने पेन्सिल अडकवली होती. वर्षभरात अकरा दुरुस्त्या आल्या. नळाच्या प्रकरणामागे वरच्या वाड्यावरच्या कुणीतरी पाईपासाठी चर खणणाऱ्या सात जणांची नावं लिहून ठेवली आहेत, त्यांतला एक अजून हयात आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जायचं आहे.